वाचकांचे प्रश्न : हलक्या हातांचे उपचार

गेल्या अंकात कंबरदुखीविषयी लिहिताना ‘जोराने रगडणे म्हणजे उपचार नव्हे’ असे एक वाक्य मी ओघात लिहिले होते. त्या एका वाक्यावर गोव्यातील पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. बहुतेकांच्या मनात एकच शंका होती : हात हलका असेल, तर तो दुखण्यापर्यंत पोहोचणार कसा? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

प्रश्न : मी ५२ वर्षांची शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून मानेपासून उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत दुखते. डॉक्टरांनी तपासून आणि एक्स-रे पाहून गंभीर काही नसल्याचे सांगितले आहे. गेल्या महिन्यात नणंदेने मला हणजूण येथे ‘बोवेन’ नावाचा उपचार करणाऱ्या बाईंकडे नेले. त्यांनी पाठीवर आणि मानेवर अंगठ्याने अगदी हलके काही केले. मधूनमधून मला तशीच पडू देऊन त्या खोलीबाहेर जात. मला झोप लागली. त्यानंतर चार दिवस मान खरोखर मोकळी होती, पाचव्या दिवशी दुखणे परतले. इतक्या हलक्या स्पर्शाने दुखणे कमी होते, की तो माझ्या मनाचा खेळ होता? घरची माणसे हसतात.
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : तुमचे ते चार दिवस खरे होते. घरच्यांना हसू द्या, पण तुम्ही स्वतःच्या अनुभवावर अविश्वास दाखवू नका. मात्र तो अनुभव कशामुळे आला, हे नीट समजून घ्यायला हवे.

हा उपचार ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते टॉम बोवेन (१९१६–१९८२) ऑस्ट्रेलियातील जिलाँग या शहरात राहत. ते सिमेंटच्या कारखान्यात काम करीत. वैद्यकाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. ओळखीच्या माणसांची दुखणी हाताने हलकी करता करता तोच त्यांचा व्यवसाय झाला आणि त्यांच्याकडे पाहून शिकलेल्यांनी पुढे ही पद्धत जगभर नेली. तिच्यात त्वचा आधी किंचित मागे सरकवून घेतात आणि मग स्नायूवरून किंवा स्नायुबंधावरून अंगठा आडवा, हलकेच फिरवतात. अशा थोड्या हालचाली झाल्या की उपचार करणारा सुमारे दोन मिनिटे किंवा अधिक वेळ थांबतो. या पद्धतीत थांबण्यालाही हालचालीइतकेच महत्त्व मानतात, म्हणून त्या बाई तुम्हाला तशीच ठेवून बाहेर जात होत्या.

आता पुराव्याचे पाहू. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने सतरा नैसर्गिक उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यात बोवेनच्या परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा आढळला नाही. एप्रिल २०१९ पासून तेथील खासगी आरोग्य विम्यातून या उपचाराचा खर्च मिळणेही बंद झाले. ज्या देशात ही पद्धत जन्मली, त्याच देशाचा हा निर्णय असल्यामुळे मला तो महत्त्वाचा वाटतो. त्याच आढाव्यात साध्या मालिशाच्या बाजूने काही प्रमाणात पुरावा मिळाला होता, तोही मुख्यतः थोड्या काळापुरत्या आरामाचा. म्हणजे अंगठा नेमका कोठे आणि कोणत्या क्रमाने फिरला यात काही विशेष शक्ती आहे, असे आज कोणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु शांतपणे केलेल्या स्पर्शाने दुखणे काही काळ उतरते, याची कारणे आपल्याला बरीच माहीत आहेत.

दाराच्या फटीत बोट चेमटले की आपण विचार न करता दुसऱ्या हाताच्या मुठीत ते बोट घट्ट धरतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तामुळे या साध्या कृतीचा अर्थ उलगडला. दुखण्याचा संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत एका फाटकातून जातो आणि त्वचेवरील स्पर्शाचा संदेश ते फाटक अंशतः लोटून घेऊ शकतो. त्या सिद्धान्तातील तपशील पुढे बदलले, पण त्याचे मर्म टिकले आहे. पुढे १९९० च्या आसपास स्वीडनमधील संशोधकांनी माणसाच्या केसाळ त्वचेत काही बारीक, मंद गतीचे चेतातंतू दाखवून दिले. या तंतूंतून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने जातो. हात पटकन भाजल्यावर मागे घेण्यासाठी अशा तंतूंचा काही उपयोग नाही. सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर वेगाने कोमट हात फिरला, तर मात्र ते सर्वांत जास्त जागे होतात, आणि त्यांचा संदेश मेंदूच्या अशा भागांकडे जातो जेथे ‘किती दाब’ यापेक्षा ‘कसे वाटले’ हे ठरते. अंगावरून मायेने हात फिरवण्याचा वेगही साधारण हाच असतो. हे मला प्रथम कळले तेव्हा माझी आजी डोळ्यांसमोर आली.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली असणार. दुखरी मान जपण्यासाठी तिच्याभोवतीचे स्नायू सतत आवळलेले राहतात. जोराने दाबले तर शरीर त्याला धोका समजते आणि ते अधिकच आवळतात. हलक्या हाताखाली, अंधाऱ्या शांत खोलीत, कोणीही हाक मारणार नाही अशा अर्ध्या तासात त्यांना सुटण्याची मुभा मिळाली. आराम मिळेल ही अपेक्षाही त्यात मिसळलेली होती, आणि अपेक्षेमुळे मेंदू दुखण्याचे संदेश खरोखर कमी करतो. याला मनाचा खेळ म्हणायचे असेल तर म्हणावे. तो शरीरातच चालतो.

या हलक्या दाबाने स्नायूंवरचे आवरण ताणले गेले, मणका जागेवर बसला, असे कोणी सांगितले तर मात्र ते मानू नका. ती आवरणे फार चिवट असतात, अंगठ्याच्या अलगद स्पर्शाने त्यांची रचना बदलत नाही. म्हणूनच दुखणे पाचव्या दिवशी परतले. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वाकलेली मान आणि बसचा प्रवास, हे सारे होते तेथेच होते.

माझे सांगणे एवढेच आहे की त्या चार दिवसांचा उपयोग करा. मान मोकळी असताना दिवसातून तीन वेळा खांद्याचे दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढून पाच सेकंद धरा आणि सोडा, असे दहा वेळा. हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घेण्याचा व्यायामही तितकाच करा. उत्तरपत्रिका मांडीवर न ठेवता उतरत्या फळीवर ठेवा आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून घरभर एक फेरी मारा. परवडत असेल तर त्या बाईंकडे आणखी दोन वेळा जायला माझी हरकत नाही. त्यानंतरही आरामाचे दिवस वाढत नसतील, तर थांबा आणि व्यायामावर भर द्या.

मी स्वतः फिजिओथेरपीचे काम सुरू केले त्या पहिल्या काही वर्षांत माझा हात जड होता. जितका जोर, तितका गुण, असे मलाही वाटे. म्हापशाच्या बाजारात मासळी विकणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या पाठीवर दुसऱ्या दिवशी माझ्या अंगठ्यांचे काळेनिळे ठसे उठलेले मी पाहिले. त्या काहीच बोलल्या नव्हत्या, कारण उपचार म्हणजे सोसायचेच असते, अशी त्यांची समजूत होती. तेव्हापासून मी उपचार करताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे पाहते. श्वास अडकला, की माझा हात चुकला.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे आहेत, बारा वर्षांपासून मधुमेह आहे. चवथीला गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधताना त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जाईना. आता सदऱ्याची बाही घालतानाही त्रास होतो आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. शेजारचे काका म्हणतात की एका गावात झटका देऊन खांदा मोकळा करून देणारा माणूस आहे. न्यावे का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : कृपया नेऊ नका.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हा ‘फ्रोझन शोल्डर’ असावा असे वाटते, पण त्याची खात्री प्रत्यक्ष तपासणीनेच होईल. हे नाव अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते आणि आक्रसते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे जास्त आढळते आणि मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. घरी एक गोष्ट पाहता येईल : वडिलांना हात सैल सोडायला सांगा आणि तुम्ही तो हळूच उचला. तुम्ही उचलूनही हात ठरावीक ठिकाणी अडत असेल, तर सांध्याची पिशवी आक्रसल्याची शक्यता वाढते. तुमच्या हाताने तो सहज वर जात असेल, तर दोष स्नायुबंधात असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. जवळच्या इस्पितळात अस्थितज्ज्ञांना दाखवा आणि साखरेचा अलीकडचा अहवाल सोबत न्या.

झटक्याची भीती मी उगीच घालत नाही. आक्रसलेला सांधा बळाने उघडताना दंडाचे हाड मोडू शकते, स्नायुबंध फाटू शकतो. शल्यविशारदही कधी कधी असा सांधा मोकळा करतात, पण भूल देऊन, एक्स-रे पाहून आणि पुढची सारी तयारी ठेवूनच करतात.

या दुखण्यात हलक्या हाताला मोठे काम आहे. शेक द्या, परंतु मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून शेकाची पिशवी आधी तुमच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. मग वडिलांनी उजवा हात टेबलावर टेकून पुढे वाकावे आणि डावा हात लामणदिव्यासारखा लोंबता सोडावा. तो आधी पुढे-मागे, मग लहान वर्तुळात हलवावा, तीन-चार मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. त्यानंतर तुम्ही खांद्यापासून कोपरापर्यंत तेलाच्या हाताने सावकाश चोळून द्या. ताण जाणवला तर चालेल. व्यायामानंतर तासभर ठणकत राहिले, तर दुसऱ्या दिवशी निम्मेच करा. डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले, तर घाबरून नकार देऊ नका. फक्त त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून ती तपासत राहा. पूर्ण बरे व्हायला एक ते तीन वर्षेही लागतात. पुढच्या चवथीला त्यांच्याकडून माटोळी बांधून घेण्याचा आग्रह धरू नका. खाली उभे राहून कोणते फळ कोठे बांधायचे ते त्यांना सांगू द्या.

प्रश्न : वय ४४, साखळी भागात ट्रक चालवतो. वर्षभर कंबर दुखते. गेल्या आठवड्यात किनाऱ्यावर एकाने पाठीवर पाय देऊन मालिश केले, नंतर दोन्ही पायांत मुंग्या येऊ लागल्या. बसण्याच्या जागी बधिर वाटते आणि लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. आता कोणते हलके मालिश घेऊ?
— एक चालक

उत्तर : या वाचकांनी पत्रात फोन क्रमांक दिला होता, म्हणून पत्र हाती आले त्याच दिवशी मी त्यांना बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या तातडीच्या विभागात जायला सांगितले. उत्तर येथे छापते आहे ते इतरांसाठी. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधल्या, बसण्याच्या भागात बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, दोन्ही पायांतील बळ कमी होणे ही मणक्याच्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. हलके, जड, आयुर्वेदिक, परदेशी असे कोणतेही मालिश त्या दिवशी करू नये. ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री पडून राहिल्यावर वाढणारे दुखणे, एकाच पोटरीला आलेली गरम सूज, छातीतून डाव्या हाताकडे जाणारी कळ यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टर आणि मग बाकीचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हाडे ठिसूळ झालेली असतील, तर उपचार करणाऱ्याने विचारले नाही तरी आपणहून सांगावे.

प्रश्न : एका उपचारकेंद्रात माझ्या मैत्रिणीला डोक्याखाली हलके हात धरून करायच्या ‘क्रेनिओसॅक्रल’ उपचाराच्या दहा बैठका आगाऊ पैसे भरून घ्यायला सांगत आहेत. शरीरातील विषद्रव्ये निघून जातील आणि थायरॉइडची गोळी हळूहळू बंद करता येईल, असे ते म्हणतात. यात तथ्य किती?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : गोळी बंद करू नये. हे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे. थायरॉइडच्या गोळीचे प्रमाण रक्ततपासणी पाहून डॉक्टर ठरवतात, डोक्याखाली हात धरून ते ठरत नाही.

कवटीच्या हाडांची बारीक लयबद्ध हालचाल होत असते, ही कल्पना गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील विल्यम सदरलँड यांनी मांडली, आणि १९७० च्या दशकात जॉन अपलेजर यांनी तिच्यावरून क्रेनिओसॅक्रल उपचार घडवला. ही लय हाताला कळते असा दावा केला जातो, पण दोन उपचारकांनी एकाच माणसाची लय मोजली तेव्हा त्यांचे आकडे जुळले नाहीत. विषद्रव्यांबद्दल सांगायचे तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. डोक्याखाली कोणाचे तरी शांत हात असताना तासभर पडून राहणे सुखाचे असते, हे मात्र मी नाकारणार नाही. मैत्रिणीला तेवढ्यासाठी पैसे द्यायचे असतील तर एका बैठकीचे द्यावेत, दहांचे नव्हे.

उपचार करणारी व्यक्ती पारखण्याची माझी रीत सोपी आहे. अंगाला हात लावण्यापूर्वी ती तुमची औषधे, आजार आणि शस्त्रक्रिया यांविषयी विचारते का? काय करणार ते आधी सांगून परवानगी घेते का? ‘थांबा’ म्हटल्यावर हात तत्काळ दूर होतो का? आवश्यकतेपेक्षा जास्त कपडे काढायला सांगितले, तर उठून यावे, त्यात संकोच करू नये. बोवेनसारखे उपचार पातळ कपड्यांवरूनही होतात. आणि माझ्या आवाक्याबाहेरचे हे आहे, तुम्ही डॉक्टरांकडे जा, असे जी व्यक्ती मोकळेपणाने म्हणते तिच्यावर मी अधिक विश्वास ठेवते. फिजिओथेरपी हा व्यवसाय २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आला आहे, बोवेन आणि क्रेनिओसॅक्रल यांना आपल्याकडे तशी वैधानिक चौकट नाही. अभ्यंगासारखे आयुर्वेदीय उपचार घ्यायचे असतील, तर पेडणे तालुक्यात धारगळ येथे २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्था सुरू झाली आहे. तेथे वैद्य आधी तपासतात. अजीर्ण असताना अभ्यंग करू नये, हे आयुर्वेदानेही सांगितलेलेच आहे.

प्रश्न : आई ८१ वर्षांची आहे. पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळली आहे. भाऊ परदेशात असतो, मी एकटीच तिचे करते. रात्री पाय दुखतात म्हणून ती कण्हते. डॉक्टर येऊन तपासून गेले आहेत. पूर्वी आमच्याकडे उंडीचे तेल लावत. मी माझ्या हातांनी तिच्यासाठी काय करू शकते?
— एक मुलगी, बांदोडा

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमचे हात पुष्कळ करू शकतात.

तेलाबद्दल प्रथम. उंडीचे तेल कोकणात आणि गोव्यात सांधेदुखीवर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, पण ८१ व्या वर्षी त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. मनगटाच्या आत दोन थेंब लावून एक दिवस वाट पाहा, लाली आली तर साधे खोबरेल घ्या. त्याहून मोठी काळजी माकडहाड, नितंब, टाचा आणि घोटे यांची आहे. तेथे लाली दिसली आणि बोटाने दाबल्यावरही ती फिकी होत नसेल, तर ती जागा मुळीच चोळू नका. ती अंथरुणाच्या जखमेची सुरुवात असते आणि चोळल्याने आतील पेशी अधिक दुखावतात. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा उशीने अधांतरी ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. एकच पाय सुजला किंवा गरम लागला, तरी त्या पायाला हात न लावता आधी डॉक्टरांना बोलवा.

आता रात्रीचे. तुमचे हात कोमट पाण्यात बुडवून पुसून घ्या. आईला सांगा, ‘आई, तुझ्या पायाला हात लावते हं.’ बोलणे तिला नीट उमगत नसेल तरी सांगा. तळहात पूर्ण टेकवून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत इतका सावकाश उतरवा, की तेवढ्या अंतराला दहा-बारा सेकंद लागावेत. घड्याळ बघून एकदा करून पाहा, आपण नेहमी किती घाईत असतो ते कळेल. हात उचलताना दुसरा हात आधीच त्वचेवर असू द्या, म्हणजे स्पर्श तुटत नाही. दाब किती हवा? झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवाल तेवढाच. एका पायाला पाच मिनिटे पुरतात. मग कपाळ, मग हात.

सुरुवात तिच्या चांगल्या बाजूने करा. पक्षाघात झालेल्या बाजूची जाणीव बदललेली असते, तेथे हलका स्पर्शही कधी बोचतो. तिने तोंड वाकडे केले किंवा पाय आखडला, तर हात हलवू नका, नुसता टेकवून ठेवा. त्या बाजूचा हात मनगटाला धरून ओढू नका. कोपराखाली आणि खांद्याखाली आधार देऊनच उचला, नाहीतर खांदा सांध्यातून सरकतो.

आणि तुमची कंबर. खाली वाकून हे करू नका, खाटेशेजारी आईच्या पातळीवर येईल अशा स्टुलावर बसा आणि पाय जमिनीवर टेकू द्या. आठवड्यातून एक दुपार कोणा नातेवाइकाला किंवा शेजारणीला आईजवळ बसवून बाहेर पडा. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, उपचाराचा भाग म्हणून सांगते, कारण थकलेला हात सावकाश फिरू शकत नाही.

पंधरा दिवस हे करून पाहा. रोज रात्री आई किती वेळा कण्हून उठली, ते कॅलेंडरवर मांडा आणि मला कळवा.